मनाचा आजार आणि सरकारी दवाखाना : कायद्याने आपल्याला काय दिले आहे?

ताप आला किंवा हाड मोडले की दवाखान्यात जायचे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. मनाचा आजार झाला की मात्र घरातली माणसे पहिले सहा महिने आपापसातच कुजबुजत राहतात. मग कोणी बाहेरचे बघायला सांगतो, कोणी लग्न करून द्या म्हणतो, कोणी जागा बदलून पाहा म्हणतो. या सगळ्यातून वाट काढत रुग्ण डॉक्टरांसमोर येतो तेव्हा आजार जुना झालेला असतो आणि घरातले किडूकमिडूकही बऱ्याचदा मोडलेले असते.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आजाराच्या लक्षणांबद्दल खूप विचारणा होते. त्यावर पूर्वी लिहिले आहे. अलीकडे मात्र वेगळे प्रश्न येऊ लागले आहेत. ‘सरकारी दवाखान्यात मनाची औषधे मिळतात का?’ ‘मुलाला दाखल करायला कोर्टाचा कागद लागतो का?’ ‘बहिणीने विष घेतले होते, पोलीस केस होईल का?’ हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे वाटत नाहीत, पण रुग्ण बरा होणार की नाही हे पुष्कळदा त्यांच्या उत्तरांवर ठरते. म्हणून या आठवड्यात मी आजाराऐवजी कायद्याबद्दल लिहिणार आहे. मी वकील नाही. रोज रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टराला कायद्याचा जेवढा भाग उपयोगी पडतो, तेवढाच येथे सोप्या भाषेत मांडतो.

जुने कायदे काय म्हणत होते?

आपल्याकडे इंग्रजांच्या काळात १९१२ साली ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’ झाला. त्यात रुग्णाला सरळ वेडा म्हटले होते. समाजाला त्याच्यापासून जपायचे आणि त्याला भिंतीआड ठेवायचे, असा त्या कायद्याचा रोख होता. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षे तोच चालू राहिला. १९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. भाषा सुधारली, ‘वेडा’ हा शब्द गेला. पण कायद्याचा बराचसा भाग रुग्णालयांचे परवाने, रुग्णाची भरती आणि त्याची मालमत्ता यांच्याबद्दलच होता. गावातल्या रुग्णाला उपचार कोठे आणि कसे मिळणार, याचे उत्तर त्यात नव्हते.

आपल्या राज्यात सरकारी मनोरुग्णालये म्हटली की ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार नावे पुढे येत. मराठवाड्यातल्या रुग्णाला पुणे किंवा नागपूर गाठावे लागे. एवढ्या लांब नेऊन ठेवलेल्या माणसाला भेटायला नातेवाईक पहिल्या वर्षी दोनदा जात, दुसऱ्या वर्षी एकदा, आणि पुढे पत्ताही बदलून जाई. बरे झालेले कितीतरी रुग्ण केवळ न्यायला कोणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षे वॉर्डात राहिले.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमाला आग लागली. तेथे मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. पुढे २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि त्याला जुळेल असा कायदा करणे भाग पडले. त्यातून ‘मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७’ आला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. कायदा संसदेचा असला तरी दवाखाने चालवणे, नियम करणे, मंडळे नेमणे आणि औषधे पुरवणे ही बहुतेक जबाबदारी राज्य सरकारची आहे.

उपचार हा हक्क

या कायद्याचे अठरावे कलम प्रत्येक घराने माहीत करून घ्यावे असे आहे. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे, असे ते सांगते. जात, धर्म, लिंग, वर्ग, अपंगत्व अशा कोणत्याही कारणाने त्यात भेद करता येत नाही. सेवा परवडणारी हवी, चांगल्या दर्जाची हवी, पुरेशी हवी आणि जवळ हवी.

यातला ‘जवळ’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. मानसिक आजाराच्या रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा असावीच, असे कायदा स्पष्ट बजावतो. जिल्ह्यात ती किमान सरकारी सेवा नसेल तर रुग्णाला त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या मानसिक आरोग्य सेवेत उपचार घेता येतात आणि त्याचा खर्च सरकारने सोसायचा आहे.

अंतराला एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणाने सांगतो. एक शेतमजूर आपल्या पत्नीला दर महिन्याला माझ्याकडे आणीत असे. तिला स्किझोफ्रेनिया होता. कानात आवाज येत, शेजारी आपल्या जेवणात काही कालवतात असे वाटे. गोळ्या सुरू केल्यावर तीन महिन्यांत ती चुलीपाशी बसू लागली, पुढे निंदणीलाही जाऊ लागली. मग मध्येच त्यांचे येणे थांबले. आठ महिन्यांनी त्याने तिला आणले तेव्हा ती पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत होती. मी कारण विचारले. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, गोळी महाग नाही. पण यायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते, दोघांचं एस.टी.चं भाडं, आणि लेकरं शेजारी ठेवावी लागतात.” तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्याने चौकशी केली होती. ‘या गोळ्या इथं नसतात, जिल्ह्याला जा,’ असे उत्तर मिळाले होते.

मनाची औषधे बंद का झाली, असे विचारले की आपण लगेच अंधश्रद्धेला किंवा अडाणीपणाला दोष देतो. हा माणूस अडाणी नव्हता. त्याने हिशेब केला आणि हिशेब जमला नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात गोळ्या अचानक थांबल्या तर आजार उलटण्याची शक्यता फार वाढते, आणि प्रत्येक वेळी उलटलेला आजार आटोक्यात आणणे अधिक कठीण होत जाते. म्हणजे एस.टी.चे भाडे हाही उपचाराचाच भाग झाला. कायद्याने हे ओळखले आहे.

औषधे आणि पैसा

त्या मजुराला मिळालेले ‘जिल्ह्याला जा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. मानसिक आजारांसाठी ठरवून दिलेल्या अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सर्व काळ मोफत उपलब्ध असली पाहिजेत, असे अठरावे कलम म्हणते. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, फ्लुओक्झेटिन, लिथियम ही नेहमी लागणारी औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती दुर्मिळ किंवा चैनीची औषधे नव्हेत.

दारिद्र्यरेषेखालील, निराधार आणि बेघर व्यक्तींना सरकारी मानसिक आरोग्य संस्थांत सर्व उपचार विनामूल्य आहेत. त्यासाठी पिवळे रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेचा दाखला हातात असलाच पाहिजे, अशी अट नाही. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाकडे दाखला कोठून असणार? कायद्याने हा विचार केला आहे. शिवाय महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांतील तपासण्या आणि उपचार सर्वांसाठी मोफत केले.

आणखी दोन गोष्टी पुष्कळांना माहीत नसतात. ज्यांनी आरोग्य विमा घेतला आहे, त्यांच्या विम्यात शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण देणे कंपनीवर बंधनकारक आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांना तसे कळवले. दुसरी गोष्ट, दीर्घकाळच्या मानसिक आजाराने येणारे अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरले आहे. ते ४० टक्के किंवा जास्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले तर शासकीय योजनांसाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

कोणते आजार यात येतात?

कायद्यातील व्याख्या रुंद आहे. विचार, भावना, आकलन, भान किंवा स्मरणशक्ती यांत मोठा बिघाड होऊन माणसाचा निर्णय, वागणूक किंवा रोजचे व्यवहार कोलमडत असतील तर तो मानसिक आजार. स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य, कधी अति उत्साह तर कधी उदासी येणारा बायपोलर आजार, ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो तो आजार, म्हातारपणातला स्मृतिभ्रंश हे सगळे त्यात आले. दारू आणि इतर व्यसनांतून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थाही आल्या. म्हणून नवऱ्याच्या दारूसाठी सरकारी दवाखान्यात कोण उभे करील, असे समजून घरी बसू नका. जन्मजात मतिमंदत्व मात्र या व्याख्येत नाही. त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत.

एखाद्याचे राजकीय मत, जात, धर्म किंवा घरच्यांना न पटणारे वागणे एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरूनही ठरवता येत नाही. इस्टेटीच्या भांडणात भावाला ‘वेडा’ ठरवण्यासाठी दाखला मागायला येणाऱ्यांनी हे कलम अवश्य लक्षात ठेवावे.

कोठे जावे?

पहिली पायरी गावातली. आशाताई, उपकेंद्रातील सिस्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना सांगा. त्यांना सगळे उपचार करता आले नाहीत तरी कोणत्या वारी कोठे जायचे, हे ते सांगू शकतात.

दुसरी पायरी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची. तिसरी जिल्हा रुग्णालयाची, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘सिव्हिल’ची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशातील चार जिल्ह्यांत सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांचे पथक जिल्हा रुग्णालयात असावे आणि त्याने तालुक्यांतही शिबिरे घ्यावीत, अशी त्याची रचना आहे. केसपेपर काढताना ‘मानसोपचार विभाग’ असे सांगितले की पुरे. खिडकीवर आजाराची सगळी कहाणी सांगण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यात पथक कोणत्या दिवशी येते, हे तेथेच विचारून घ्यावे. म्हणजे पुढच्या खेपेला जिल्ह्याचा फेरा वाचतो.

घराबाहेर पडणेच शक्य नसेल तर फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा सुरू झाली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येते. आपल्या राज्यात २०१५ साली विदर्भ आणि मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन उदास, हताश माणसे शोधायची आणि त्यांना उपचारापर्यंत पोहोचवायचे, अशी योजना होती. माणूस दवाखान्यात येईना तर दवाखान्याने त्याच्या दारी जावे, ही दिशा मला योग्य वाटते.

दाखल करताना

आमच्याकडे येणारे निम्मे नातेवाईक ‘दाखल करून घ्या आणि आम्हाला मोकळे करा’ अशा मनःस्थितीत असतात. त्यांचा थकवा मी समजू शकतो. पण कायद्याच्या दृष्टीने रुग्णालयात दीर्घकाळ ठेवणे हा अपवाद आहे. घरी राहून, समाजात राहून उपचार हा नियम आहे.

रुग्ण स्वतः तयार असेल तर तो आपल्या सहीने दाखल होऊ शकतो आणि सर्वसाधारणपणे आपल्या इच्छेने घरीही जाऊ शकतो. स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असे वागणे अलीकडे घडले असेल, किंवा त्याला स्वतःची काळजीच घेता येत नसेल, आणि आजाराची तीव्रता फार असेल, तर त्याची तयारी नसतानाही त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येते. त्यासाठी दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. अशा भरतीची माहिती मंडळाला सात दिवसांत, आणि रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत कळवावी लागते. त्यापुढे ठेवायचे तर पुन्हा तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. मंडळ म्हणजे काय ते पुढे सांगतो. म्हणजे वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की दाखल करण्यासाठी आधी कोर्टात धाव घेण्याची गरज नाही. पण केवळ घरच्यांच्या शब्दावर कोणाला कोंडताही येत नाही.

अगदी तातडीची वेळ आली, जीव जाण्याचा किंवा मोठी इजा होण्याचा धोका असला, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत प्राथमिक उपचार करू शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. ‘हे आमचे काम नाही, तज्ज्ञाकडे न्या’ असे म्हणून हात झटकण्याची गरज गावातल्या डॉक्टरलाही उरलेली नाही.

प्रतिनिधी कोण असावा, हे रुग्णाने बरा असताना ठरवून ठेवावे. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालते. त्याचप्रमाणे ‘पुढे मला आजाराच्या भरात समज राहिली नाही तर माझ्यावर कसे उपचार करावेत आणि कसे करू नयेत’ हेही आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आहे. तातडीच्या उपचारांना मात्र हे लिखाण लागू होत नाही. ज्यांना आजाराचा झटका वरचेवर येतो, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावे.

साखळी, मारहाण आणि अंगारे

कोणत्याही रुग्णाला साखळीने बांधणे कायद्याने मना आहे. मग ती साखळी कोठलीही असो. सक्तीने मुंडन करता येत नाही. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करता येत नाही. रुग्णांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक मानसिक आरोग्य संस्थेची नोंदणी असली पाहिजे. आपल्या माणसाला कोठे ठेवण्यापूर्वी नोंदणीचा कागद पाहायला मागा. त्यात संकोच कसला?

आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही येथे उपयोगी पडतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. देवाला नमस्कार करायला, नवस बोलायला कोणाची हरकत नाही. माझे कितीतरी रुग्ण आधी देवळात किंवा दर्ग्यात जातात आणि मग माझ्याकडे येतात. मी त्यांना एवढेच सांगतो, की श्रद्धा ठेवा, पण गोळी चुकवू नका आणि अंगावर हात टाकू देऊ नका.

एखाद्या घरात रुग्णाला कोंडून ठेवले आहे, उपाशी ठेवले आहे असे कळले तर शेजाऱ्याने पोलिसांना कळवावे. कायद्याने ते आपले कर्तव्य आहे. रस्त्यावर भटकणारा, अंगावर कपड्यांचे भान नसलेला माणूस दिसला तर त्याला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे काम आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याच्या घरच्यांचा शोध घेणेही त्यांनाच करायचे आहे.

आत्महत्येचा प्रयत्न : लपवू नका

ग्रामीण भागात कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण येतो तेव्हा नातेवाईक बहुधा ‘फवारताना चुकून गेले’ असे सांगतात. पोलिसांची भीती असते. ही भीती आता सोडली पाहिजे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे धरून चालायचे असते. उलट काही सिद्ध झाले नाही तर तिच्यावर खटला चालवता येत नाही आणि शिक्षाही करता येत नाही. तिची काळजी घेणे, उपचार करणे आणि पुन्हा तसे घडू नये यासाठी मदत करणे ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या दंडसंहितेतील ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमाखाली गुन्हा ठेवला आहे.

रुग्णालय नोंद करील, पोलीस जबाब घेतील. ती रीत आहे, त्याने घाबरून जाऊ नये. काय पोटात गेले, किती वाजता गेले, हे डॉक्टरांना खरे सांगा. आणि जीव वाचल्यावर सलाईन काढून थेट घरी नेऊ नका. मानसोपचार विभागात दाखवूनच न्या. एकदा प्रयत्न झालेल्या माणसाला पुढचे काही महिने सर्वांत जास्त जपावे लागते.

सेवा मिळाली नाही तर?

कायद्याने प्रत्येक राज्यात राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांसाठी मिळून मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ नेमायचे आहे. मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या योग्यतेचे न्यायिक अधिकारी असतात. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि रुग्ण, काळजीवाहक किंवा त्यांच्या संस्था यांच्यातले दोन असे सदस्य असतात. ज्याने आजार सोसला त्याला न्यायाधीशांच्या शेजारी बसवणारी ही रचना मला फार आवडते.

तक्रारीची वाट अशी आहे. प्रथम रुग्णालयाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. रुग्णाचे नाव, केसपेपरचा क्रमांक, कोणत्या तारखेला कोणते औषध मिळाले नाही, एवढे चार ओळींत लिहा. आवाज चढवू नका. औषध वाटपाच्या खिडकीवरचा माणूस साठा मागवत नसतो, त्याच्याशी भांडून गोळी मिळत नाही. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्या. त्याने समाधान झाले नाही तर मंडळाकडे अर्ज करा. मंडळाकडे फी लागत नाही. साधारण अर्ज ९० दिवसांत आणि इच्छेविरुद्ध दाखल केल्याबद्दलचा अर्ज सात दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. ते कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

वर सांगितलेल्या शेतमजुराने असाच चार ओळींचा अर्ज दिला होता. त्याच्या तालुक्याच्या रुग्णालयात त्या गोळ्या येऊ लागल्या, आणि त्याच्याबरोबर आणखी काही घरांचा जिल्ह्याचा फेरा वाचला. त्या घरांनी कधी अर्ज केला नव्हता. गोळ्या तेथे मिळायला हव्यात, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

कागद आणि वस्तुस्थिती

कायदा चांगला आहे म्हणून सेवा आपोआप उभी राहत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे दिसले. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. या कायद्याची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी कायद्याने सरकारला दहा वर्षांची मुदत घातली आहे. ती २०२८ च्या मे महिन्यात संपते.

मुदत पाळली जावी म्हणून मागणी करणारे हवेत. दम्याच्या, मधुमेहाच्या गोळ्या संपल्या की लोक दवाखान्यात ओरड करतात. मनाच्या गोळ्या संपल्या की नातेवाईक मान खाली घालून परत जातात, कारण चारचौघांत त्या गोळीचे नाव घ्यायची लाज वाटते. साठा मागवणाऱ्या अधिकाऱ्याला वाटते, मागणीच नाही. ज्याची मागणी दिसत नाही ते औषध येत नाही, आणि जे येत नाही त्यासाठी कोणी दवाखान्यात जात नाही.

तेव्हा आपल्या घरात असा रुग्ण असेल तर या आठवड्यात तीन कामे करा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचा वार कोणता, ते विचारून घरात लिहून लावा. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी तेथे दाखवून ‘या इथे मिळतील का’ असे विचारा. नाही म्हणाले तर वरीलप्रमाणे अर्ज द्या. आणि हातात असलेल्या गोळ्या संपण्याच्या निदान आठवडाभर आधी पुढची सोय करा. बरे वाटते म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका. डोस कमी करायचा की नाही, हे तपासूनच ठरवता येते.